छान बोलते की तुमची मुलगी

"तुमच्या मुलीला ऑटिझम आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि तो आत्ता झालेला नाही. जन्मापासून आहे."

माझ्या शेजारी सारिका बसली होती. वय तेहतीस, बी.कॉम., फर्स्ट क्लास. हातातल्या बाटलीचं झाकण उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती.

"बाई, कायतरी घोटाळा होतोय," मी म्हटलं. "मी आयुष्यभर अंगणवाडी चालवलीय. असली लेकरं मी बघितलीत. आमची सारिका चौथ्या वर्षी पेपर वाचायची."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांना रोज माझ्यासारख्या भेटत असणार. त्यांनी कागदावर लिहून समजावलं. ऑटिझम विदाउट इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी. म्हणजे ऑटिझम आहे, पण बुद्धीत काही कमी नाही. "बुद्धी उत्तम आहे. पण आवाज, उजेड, गर्दी, ऐनवेळी बदललेला बेत, समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, याला तुमची-माझी काही ताकद जात नाही. हिची सगळी त्यातच जाते. ती आता संपलीय." याला त्यांनी शब्द सांगितला, ऑटिस्टिक बर्नआउट. आतून पार थकून जाणं. झोप काढून न जाणारा थकवा.

मला एवढंच सुचलं. मी म्हटलं, "माझं वय सहासष्ट. हिचे वडील देहूरोडला डेपोत होते, ते जाऊन सहा वर्षं झाली. ही एकटीच. माज्यामागं हिचं काय?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "खरं सांगू? मुलांसाठी सोयी आहेत. मोठ्या माणसांसाठी, त्यातून हुशार मोठ्या माणसांसाठी, फार थोड्या आहेत. शोधाव्या लागतील."

तो शोध अजून पुरता संपलेला नाही. हे लिहितेय ते कुणाच्या घरी असंच कुणी असेल तर त्यांच्यासाठी. आम्ही केलेल्या चुका तुम्ही करू नका, नव्या करा.

सुरुवात कशी झाली ते सांगते. आम्ही कान्ह्याचे. आमच्या भागात गुलाबाची पॉलिहाऊस आहेत, त्यातल्याच एका कंपनीत सारिका चार वर्षं ग्रेडिंगला होती. ग्रेडिंग म्हणजे फुलाची दांडी किती लांब, कळी केवढी, पान डागाळलंय का, हे बघून फुलं वेगळी करायची आणि वीस-वीसच्या गड्ड्या बांधायच्या. बाकीच्या बायका पट्टीला लावून मोजत. ही हातात घेतलं की सांगायची. चार वर्षांत तिची गड्डी परत आली नाही, असं तिथले मॅनेजर कदमसाहेब स्वतः मला म्हणाले होते. मी हे गावभर सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि एवढी हुशार म्हणून त्यांनी तिला सुपरवायझर केलं. तेही जानेवारीत, फेब्रुवारीच्या गुलाबाच्या सीझनच्या तोंडावर. मी पेढे वाटले. हाताखाली वीस-बावीस बायका, सतत वाजणारा फोन, हॉलमध्ये गाण्याचा स्पीकर, कोण कुणावर रुसलंय ते बघायचं, कुणाला सुट्टी द्यायची ते ठरवायचं. ती घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. मला वाटलं, नवीन काम आहे, अंगवळणी पडेल. जेवायला ऊठ म्हणून मी तिला हलवून उठवायची.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीतून फोन आला. सारिका कोल्ड स्टोरेजच्या दाराशी खाली बसलीय, उठत नाही, बोलत नाही. मी पोचले तेव्हा चार बायका तिच्या तोंडावर पाणी मारत होत्या आणि एकजण कांदा हुंगवत होती. तिचे डोळे उघडे होते. मला ओळखलं, पण तोंडातून शब्द फुटेना. पुढचे नऊ दिवस फुटला नाही.

लोणावळ्याच्या दवाखान्यात भरती केली. रक्त तपासलं, साखर, थायरॉइड, सगळं. मग ईईजी झाला. डोक्याला तारा लावून मेंदूतल्या लहरी कागदावर काढतात, फिट येते का ते कळतं. मग पुण्याला एमआरआय. त्या मशीनचा आवाज ऐकून ती किंचाळली. नऊ दिवसांतला तिचा तो पहिला आवाज. रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल. तुम्हाला सांगते, नॉर्मल हा शब्द ऐकून मी इतकी कधी घाबरले नव्हते. काही सापडलं असतं तर औषध तरी असतं.

या दिवसांत मी तिला देवऋष्याकडेही नेलं. ज्या बाईनं अंगणवाडीच्या आयांना "असल्या ठिकाणी जाऊ नका गं" म्हणून आयुष्यभर दटावलं, ती बाई लिंबू-नारळ घेऊन रांगेत उभी होती. लाज वाटते, पण घडलं ते घडलं. त्यानं धूप केला तशी सारिका उठून सरळ रस्त्याला लागली. मी मागून चप्पल घेऊन पळत होते.

शेवटी लोणावळ्याच्याच एका तरुण डॉक्टरनं पुण्याच्या या डॉक्टरबाईंचं नाव दिलं. तीन वेळा बोलावलं, तासन्‌तास प्रश्न विचारले. लहानपणी कशी होती? मी म्हटलं, गुणी होती. कुणात मिसळायची नाही, रोज त्याच एका ताटात जेवायची, लग्नात बँड वाजला की मोरीत जाऊन बसायची. मी हे कौतुकानं सांगत होते आणि बाई लिहून घेत होत्या.

निदान झालं तेव्हा एप्रिल उजाडला होता. मी कागद घेऊन कदमसाहेबांकडे गेले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "मावशी, मला ती हवीय. तिच्यासारखा हात नाही माझ्याकडे. पण वरच्या ऑफिसला मी काय सांगू? अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणा, म्हणजे तिला वेगळी सवलत देता येईल. जुलै संपेपर्यंत जागा धरून ठेवतो. त्यापुढं माझ्या हातात नाही."

म्हणजे जुलै. मी घरातल्या कॅलेंडरवर खूण केली आणि रोज उठून तीच बघायला लागले. नोकरी गेली तर ही आपल्या खोलीतून पुन्हा बाहेर येणार नाही, हे मला आतून कळत होतं. मी आहे तोवर ताट सरकवेन. नंतर?

मदत शोधायला निघालो. पहिलं केंद्र पिंपरीच्या बाजूला. भिंतीवर जिराफ, हत्ती, आणि वीतभर उंचीच्या खुर्च्या. सारिका त्यातल्या एका खुर्चीत गुडघे वर घेऊन बसली. तिथल्या बाई म्हणाल्या, "आम्ही अठरापर्यंतच घेतो." दुसऱ्या ठिकाणी मोठी माणसं होती. पणत्या रंगवणं, पाकिटं करणं असं काम. सारिकाला बसवलं. दुपारच्या जेवणाच्या आत तिनं आठवड्याची पाकिटं संपवली. तिथल्या सरांनी मला बाजूला घेतलं. "मावशी, हिला इथं कशाला आणलंत? ही तर मलाच शिकवेल." तिसऱ्या ठिकाणी फोनवरच म्हणाले, पदवीधर आहे ना, मग कसला प्रॉब्लेम?

एकीकडे अठराच्या पुढची, दुसरीकडे जास्त हुशार. धड इकडची नाही, धड तिकडची नाही. गाडीतून परत येताना ती कानावर हात ठेवून बसायची आणि मी जुलैचा हिशेब करत बसायची.

मग प्रमाणपत्रासाठी सरकारी दवाखान्यात तारीख मिळाली, जूनच्या पहिल्या आठवड्यात. आता मी केलेली चूक ऐका.

सारिकाला बघायला नऊ स्थळं आली होती. आमच्याकडे बघण्याच्या कार्यक्रमाची तयारी करून घेतात, तशी मी तिची घेतली होती. कडक. दारातून आत येताना खाली बघायचं, ट्रे ठेवला की वर बघायचं. डोळ्यांत बघवत नसेल तर दोन भुवयांच्या मध्ये बघ, कुणाला कळत नाही. हसायचं. हात मांडीवर, झाकण-बिकण काही फिरवायचं नाही. विचारलं तर सांगायचं, स्वयंपाक येतो, वाचनाची आवड आहे. आणि शेवटी उलट विचारायचं, "प्रवास कसा झाला?" एवढं ती बिनचूक करायची. दुसऱ्यांदा भेटायला मुलगा एकटा आला की सगळं फिसकटायचं, कारण त्याची तालीम झालेली नसायची.

दवाखान्यातल्या तारखेच्या आधी आठ दिवस मी तिची तीच तालीम घेतली. मला काय वाटलं कोण जाणे. मोठे डॉक्टर, सरकारी बोर्ड, मुलगी नीट दिसली पाहिजे, घरची माणसं चांगली वाटली पाहिजेत. तेल लावून वेणी घातली. इस्त्रीचा ड्रेस. "डॉक्टरांनी विचारलं कशी आहेस, तर बरी आहे, थँक्यू सर, म्हण. आणि झाकण घरी ठेव."

तिघं डॉक्टर होते. सारिका आत गेली, बसली, हसली, भुवयांच्या मध्ये बघून बोलली. निघताना म्हणाली, "सर, तुम्हाला रोज एवढे पेशंट बघून त्रास होत असेल." तिघंही खूश. थोरले डॉक्टर मला म्हणाले, "छान बोलते की तुमची मुलगी! चांगले संस्कार केलेत."

माझी छाती फुगली, हो. अक्कल गहाण पडलेली.

बाहेर आल्यावर रिक्षात तिनं विचारलं, "मी बरोबर केलं का?" मी म्हटलं, "व्हय गं, लय छान केलंस." घरी आली आणि दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. तिसऱ्या आठवड्यात कागद आला. टक्केवारी चाळिसाच्या खाली. चाळिसाच्या खालच्या कागदाला कुठंच किंमत नाही. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. जुलै संपायला जेमतेम पाच आठवडे उरले होते आणि हे माझ्याच हातानं झालं होतं.

डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी लोणावळ्यात महिन्यातून दोनदा भरणाऱ्या एका गटाचा पत्ता दिला. एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरची खोली, मंद दिवे, पंख्याचासुद्धा आवाज नाही. सात-आठ मोठी माणसं. एक कॉलेजात शिकवणारे, एक हॉटेलात हिशेब बघणारी. कुणी बोलत होतं, कुणी नुसतं बसलं होतं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. गट चालवणाऱ्या शाहीन मॅडम तिथल्याच, तिशीच्या. मी त्यांना बोर्डापुढं काय झालं ते सगळं सांगितलं, फक्त तालीम वगळून.

त्या म्हणाल्या, "याला मास्किंग म्हणतात, मावशी. मुखवटा चढवणं. आपण जसे नाही तसं दिसायला शिकणं. तिला फार चांगलं जमतंय. कुणी शिकवलं?"

मी पर्समधले कागद नीट करायला लागले. त्यांनाही कळलं, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी जिन्यात जाऊन रडले. मला वाटलं होतं मी लेकीला वळण लावतेय.

शाहीन मॅडमनी तीन कामं केली. कदमसाहेबांना स्वतः जाऊन भेटल्या आणि ऑगस्ट संपेपर्यंत मुदत मिळवली. फेरतपासणीचा अर्ज भरून घेतला. आणि सारिकाबरोबर बसून, तिला घरी काय जमतं आणि काय जमत नाही ते तिच्याकडूनच लिहून घेतलं. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं की हात वर करायच्या. "मावशी, थांबा. तिला वेळ लागतो. गप्प बसायला जमतंय का बघा." मला नाही हो जमत. जन्मात जमलं नाही. पण थांबलं की मिनिटभरानं सारिकाकडून उत्तर येतं, हे मला तेहतीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. मी तोवर दरवेळी उत्तर देऊन मोकळी झालेली असायची.

फेरतपासणीच्या दिवशी मी तिला काहीच शिकवलं नाही. ती नेहमीच्या मळक्या निळ्या कुडत्यात निघाली. केस कसेतरी बांधलेले, कानांवर आवाज अडवायचे मोठे हेडफोन. रांगेतल्या बायका बघत होत्या. माझा हात तीनदा तिच्या बटेकडे गेला आणि तीनदा मागं घेतला. आत जाताना तिनं शिपायाच्या हातात चिठ्ठी दिली. "आईला बाहेर थांबू द्या."

मी बाहेर बाकावर बसले. पाऊण तास झाला, तास झाला. आतून एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग तिचा रडवेला स्वर. मी उठले, दारापर्यंत गेले. आत जाऊन "अहो तिला असं म्हणायचंय" एवढं सांगितलं असतं तर ती सुटली असती, असं वाटत होतं. पण ती सुटली असती तर कागद हातचा सुटला असता. लेकीचे हाल दिसावेत म्हणून दाराबाहेर गप्प उभं राहायचं, ही वेळ कुठल्या आईवर येऊ नये. बीपीची गोळी पर्समध्ये होती, पाणी नव्हतं, तशीच गिळली.

ती बाहेर आली तेव्हा पांढरीफटक होती. म्हणाली, "मी खरं सांगितलं." एवढंच. पूर्ण रस्ता पुढं एक शब्द नाही. मीही विचारलं नाही.

यावेळी कागद चाळिसाच्या वरचा आला. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात.

सप्टेंबरपासून ती कामावर जाते. सुपरवायझरकी नाही, पुन्हा ग्रेडिंग. स्पीकरपासून लांबचं, भिंतीकडचं टेबल. हेडफोन घालायची परवानगी. काम काय आहे ते सकाळी कागदावर लिहून देतात, ओरडून सांगत नाहीत. एवढ्यानं भागलं. यात कंपनीचं काय गेलं, तुम्हीच सांगा.

ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. यातून बरं होत नसतं, डॉक्टरबाईंनी ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वाईट दिवस येतात. घरी आली की दोन तास तिच्याशी बोलायचं नाही, असा आता आमचा नियम आहे. तेवढा वेळ मी शेजारणीकडे जाऊन माझं बोलणं संपवून येते.

पण माझी भीती तिथंच होती. दिवाळीच्या सुमारास माझं बीपी वाढलं, दोन दिवस कामशेतला सलाईनवर होते. खाटेवर पडून तेच, माज्यामागं हिचं काय. मी हे डॉक्टरबाईंना विचारलं होतं, बोर्डाच्या शिपायाला विचारलं होतं, कदमसाहेबांना, शाहीन मॅडमना, देवऋष्यालासुद्धा. घरी आले त्या रविवारी सारिका लसूण सोलत बसली होती. मी समोर बसले आणि तिला विचारलं.

"सारिका, माज्यामागं तुजं काय?"

ती लसूण सोलत राहिली. मी थांबले. माझं मलाच कौतुक वाटलं.

"म्हणजे तू मेल्यावर?"

"व्हय."

"मी इथंच राहीन," ती म्हणाली. "कंपनीच्या बसनं कामाला जाईन. भात, आमटी, अंडी करता येतात. गॅसवाल्याला फोन करणं आणि बँकेत जाणं जमत नाही, त्यासाठी शाहीन मॅडम माणूस बघतायत. पाहुणे आले तर मी दार उघडणार नाही."

"हे कधी ठरवलंस?"

"बाबा गेले तेव्हा. कंपनी आणि शाहीन मॅडम नंतर घातल्या."

"मग मला सांगितलं का न्हाईस? मी हितं जीव टांगणीला लावून बसलीय."

"तू मला विचारलं नाहीस. तू दुसऱ्यांना विचारत होतीस."

तिनं एक पाकळी सोलून वाटीत टाकली.

"एक गोष्ट माहीत नाही," ती म्हणाली. "बाबा गेले तेव्हा मला सतरा दिवस बोलता येत नव्हतं. तुझ्या वेळी जास्त लागतील. तेवढी रजा मिळते का ते आधी विचारून ठेवायला पाहिजे."

ते सतरा दिवस मी तेव्हा दुःखाचे समजले होते. मी हसले का रडले, मला सांगता येणार नाही. पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, "तूच विचार. साहेबांना लिहून दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी कदमसाहेबांचा फोन. आवाज पार उतरलेला. "मावशी, तब्येत बरी आहे ना तुमची? नाही, म्हणजे... सारिकाचा अर्ज आलाय माझ्या टेबलावर. आई वारल्यावर किती दिवसांची रजा मिळेल, असं लिहिलंय. मला काही कळेना."

"मी बरी हाय," मी म्हटलं. "गोळ्या चालू हायत. तुमी आधी तिला उत्तर द्या साहेब, आणि लिहून द्या. ती वाट बघत असंल."